रेघेची जाडी: भू-माहितीशास्त्र विभागाच्या उद्दिष्टांविषयी

(बारामती येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी दोन प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांना वाटलं असेल, की हे जाहीर व्याख्यान आहे की विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाची बैठक? भू-माहितीशास्त्र आणि अभियांत्रिकी शिकवणाऱ्या विभागाची उद्दिष्टं काय असावीत, याच्याशी आपलं काय देणंघेणं? उद्दिष्टांचा कागद फ्रेम करून विभागाच्या दाराशी लावलेला असतो. मूल्यांकनाची समिती येणार असली की त्याच्यावरची धूळ पुसतात. समिती गेली की कोणी त्याच्याकडे बघत नाही.

पण बघा, या विभागातून बाहेर पडलेला मुलगा किंवा मुलगी उद्या तुमच्या गटाची हद्द संगणकावर ओढणार आहे. तुमच्या उसाचं क्षेत्र उपग्रहाच्या चित्रावरून मोजणार आहे. तुमचं शेत कालव्याच्या लाभक्षेत्रात आहे की नाही, ते नकाशावर रंगवणार आहे. त्या मुलांना काय शिकवायचं ठरलं होतं, हे विचारायचा हक्क बारामती-इंदापूरच्या माणसाला आहे. तो हक्क आज आपण बजावू.

आधी विषय काय आहे ते थोडक्यात सांगतो. जमिनीवरच्या कुठल्याही गोष्टीची जागा मोजायची, ती नोंदवायची, दुसऱ्या माहितीशी जोडायची आणि त्यावरून निर्णय घ्यायचा. मोजणी, हवाई छायाचित्रं, उपग्रह, जीपीएस, जीआयएस हे सगळं त्यात आलं. आपल्याकडे देहरादूनला १९६६ मध्ये हवाई छायाचित्रांच्या वाचनाची संस्था निघाली, तीच आजची भारतीय सुदूर संवेदन संस्था. मुंबईच्या आयआयटीत १९७६ मध्ये साधनसंपत्ती अभियांत्रिकीचं केंद्र निघालं. नागपूरला १९८८ मध्ये महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी अमेरिकेत तीन विद्यापीठांचं मिळून एक राष्ट्रीय केंद्र निघालं, त्यात मेन या लहानशा राज्याचं विद्यापीठ होतं. तिथे मोजणीच्या अभियंत्यांनी आपल्या विषयाला नवं रूप दिलं. पुढे १९९२ मध्ये मायकेल गुडचाइल्ड या भूगोलतज्ज्ञाने सरळ प्रश्न विचारला, की आपण नुसतं एक सॉफ्टवेअर चालवतो, की आपल्याकडे स्वतःचे प्रश्न असलेलं शास्त्र आहे? त्या प्रश्नातून या विषयाच्या नावात ‘शास्त्र’ पक्कं झालं.

आता उद्दिष्टांकडे येऊ. मी कुठल्याही एका विभागाचं नाव घेत नाही, कारण ढाचा सगळीकडे तोच असतो. साधारण चार वाक्यं असतात. एक, उद्योगाच्या गरजेप्रमाणे कुशल मनुष्यबळ तयार करणं. दोन, अत्याधुनिक तंत्रज्ञानाचं ज्ञान देणं. तीन, जागतिक दर्जाचं संशोधन करणं. चार, समाजाच्या आणि शाश्वत विकासाच्या गरजा भागवणं.

या चार वाक्यांना एक साधी कसोटी लावा. त्यांतून ‘भू-माहिती’ हा शब्द काढा आणि ‘वस्त्रोद्योग’ घाला. मग ‘औषधनिर्माण’ घालून बघा. वाक्यं जशीच्या तशी उभी राहतात, एक शब्दही हलवावा लागत नाही. म्हणजे हा विभाग का काढला, हेच त्यात आलेलं नाही. काही जण म्हणतील, की अभियांत्रिकीच्या मूल्यांकनात सगळ्या शाखांसाठी फलनिष्पत्तीची एकच यादी ठरवून दिलेली असते, तिथे विभाग काय करणार? पण त्याच पद्धतीत विभागाने स्वतःची दोन-चार फलितं लिहायला जागा ठेवलेली असते. ती जागा बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअरच्या नावांनी भरलेली दिसते.

हे का चालणार नाही, ते सांगण्यासाठी मला तुम्हाला इंदापूरला न्यायचंय, दोनशे वर्षं मागे. मुंबई इलाख्यातली, म्हणजे पर्यायाने आजच्या महाराष्ट्रातली, जमीनमोजणीची पद्धत जिथे आधी फसली आणि मग घडली, तो तालुका इंदापूर आहे. भू-माहितीशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात याच्यावर एक प्रकरण हवं. पोरं मात्र कॅनडाच्या जीआयएसचा इतिहास पाठ करतात आणि इंदापूरचं नाव त्यांना बसच्या पाटीवर तेवढं दिसतं.

पेशवाई १८१८ मध्ये गेली आणि दख्खन कंपनी सरकारकडे आलं. सारा किती घ्यायचा, हा सरकारपुढचा पहिला प्रश्न होता. ते काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे आलं. प्रिंगल हेलिबरीच्या कॉलेजात शिकलेला. हे कंपनीचं स्वतःचं कॉलेज, हिंदुस्थानात पाठवायचे अधिकारी घडवणारं. तिथे अर्थशास्त्र शिकवायला माल्थस होता आणि रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत म्हणजे त्या काळातलं सगळ्यात आधुनिक ज्ञान. प्रिंगलने तो सिद्धांत घेऊन शेतं मोजायला लावली, जमिनीची प्रतवारी केली, प्रत्येक प्रतीच्या जमिनीत पीक किती येतं याचा अंदाज बांधला, त्यातून लागवडीचा खर्च वजा केला आणि जे निव्वळ उरेल त्याच्या ५५ टक्के सारा ठरवला. कागदावर त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती.

ही आकारणी १८३० च्या सुमाराला इंदापुरात लागू झाली आणि काही वर्षांत तालुका उजाड व्हायला लागला. शेतकरी जमिनी टाकून गेले, कित्येक निजामाच्या मुलखात गेले. लागवडीची जमीन पडीक पडली. न्यायाने बोलायचं तर पाऊसही दगा देत होता आणि धान्याचे भावही पडलेले होते. पण मोजणीत आणि प्रतवारीतही मोठे घोटाळे निघाले. शेताशेतावर जाऊन नोंदी करणारे खालचे नोकर होते. लाच घेऊन चांगली जमीन हलकी आणि हलकी जमीन चांगली लिहिली गेली होती. शिवाय निव्वळ उत्पन्न काढायचं म्हणजे पीक, भाव, बैल, मजुरी, बियाणं अशा प्रत्येक गोष्टीचा अंदाज. एका अंदाजावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. तळातली नोंदच खोटी, आणि वर गणित मात्र आण्या-पैपर्यंत बिनचूक.

आता आपल्या विषयाच्या दृष्टीने एक प्रश्न विचारू. हेलिबरी कॉलेजचं उद्दिष्ट काय होतं? कंपनीच्या गरजेप्रमाणे कुशल अधिकारी तयार करणं आणि त्यांना अत्याधुनिक ज्ञान देणं. मघाची पहिली दोन वाक्यं आठवा. ती दोन्ही उद्दिष्टं प्रिंगलच्या बाबतीत शंभर टक्के साध्य झाली. आजची मूल्यांकन समिती असती, तर त्या कॉलेजला वरची श्रेणी मिळाली असती. इकडे इंदापूरचा कुणबी मात्र घरदार सोडून गेला.

पुढे काय झालं? गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि जॉर्ज विंगेट हा बॉम्बे इंजिनिअर्सचा लेफ्टनंट, या दोघांनी १८३५-३६ मध्ये इंदापुरातच नव्याने काम सुरू केलं. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा सिद्धांत बाजूला ठेवला. एका बैलजोडीला झेपेल अशा बेताने शेताचा आकार धरून त्याला सर्व्हे नंबर दिला. जमिनीचा पोत आणि खोली पाहून प्रती ठरवल्या, त्यांची किंमत आण्यांत लावली आणि दगड, क्षार, उतार असे दोष असतील तर प्रत खाली आणली. गावागावांचे गट करून हवामान, बाजार आणि पूर्वीच्या वसुलीचा इतिहास पाहून वरचा दर ठरवला. तो दर जुन्यापेक्षा कमी होता आणि ३० वर्षं बदलणार नाही, अशी हमी दिली. खालच्या वर्गकाराने केलेलं काम वरच्याने शेतावर जाऊन तपासायचं, हा नियम केला. पुढे १८४७ मध्ये या सगळ्याचा संयुक्त अहवाल निघाला आणि इलाखाभर हीच पद्धत चालली. आपला सातबारा, आकारबंद, गावनकाशा यांचं मूळ तिथे आहे.

जीआयएस शिकलेल्या मुलांना हे ओळखीचं वाटेल. खोलीचा थर, पोताचा थर, दोषांचा थर, प्रत्येकाला वजन आणि शेवटी एक बेरीज. आज ज्याला आपण ‘वेटेड ओव्हरले’ म्हणतो, ते हे लोक कागदावर आणि आण्यांत करत होते. फरक इतकाच, की त्यांनी आकडा काढल्यावर तो शेतावर नेऊन पडताळायची सोय पद्धतीतच ठेवली होती.

पण विंगेट-गोल्डस्मिडची आरती ओवाळायचं कारण नाही. काम सारा वसूल करण्यासाठीच चाललं होतं. तीस वर्षांची मुदत सगळ्यात आधी इंदापुरातच संपली आणि १८६७ मध्ये तिथे फेरआकारणी झाली. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, रेल्वे आली होती, सगळ्याच मालाचे भाव चढले होते. त्या चढलेल्या दिवसांकडे बघून सारा बराच वाढवला. मग भाव उतरले, वाढलेला सारा तसाच राहिला. शेजारच्या भीमथडी तालुक्यातही फेरआकारणी झाली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या प्रश्नाची चौकशी केली, ओरड झाली आणि १८७४ मध्ये सरकारला मर्यादा घालावी लागली. एका तालुक्यात एकूण वाढ ३३ टक्क्यांच्या वर नको, एका गावात ६६ च्या वर नको आणि एका खातेदारावर १०० टक्क्यांच्या वर नको.

हे तीन आकडे नीट लक्षात घ्या. तालुक्याची वाढ ३३ टक्के दिसत असेल, तेव्हा त्याच तालुक्यातल्या एखाद्या माणसाचा सारा दुप्पट झालेला असू शकतो. दोन्ही आकडे खरे. आपण माहिती कुठल्या पातळीवर गोळा करून दाखवतो, तालुका, गाव की खातं, यावर सत्य दिसायचं की झाकायचं हे ठरतं. आजच्या पुस्तकात याला लांबलचक नाव आहे. आपल्याकडे तो १८७४ चा सरकारी निर्णय आहे.

पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ ला, सुप्याला उठाव झाला. सुपे तेव्हा भीमथडीत होतं, आज बारामती तालुक्यात आहे. तो उठाव सावकारांविरुद्ध होता. त्याची कारणं कर्ज, कोर्टाच्या जप्त्या, पडलेले भाव अशी अनेक होती. साऱ्याचा वाटा किती, यावर इतिहासकारांत वाद आहे. मी सगळं मोजणीच्या माथी मारत नाही. पण लोकांनी काय मागितलं ते बघा. त्यांनी कर्जरोखे मागितले आणि ते जाळले. ज्या कागदावर आपली जमीन दुसऱ्याच्या भाषेत लिहिलेली आहे, जो आपल्याला वाचता येत नाही, खोडता येत नाही, त्या कागदावर त्यांचा राग होता.

आता आजच्या दिवसात येऊ. काही सोपी गणितं करू, कारण माझा मुद्दा त्याच गणितात आहे.

जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. मीटरमध्ये तो होतो सुमारे १०१ चौरस मीटर. युरोपचा सेंटिनेल-२ हा उपग्रह आज आपल्याला फुकट चित्रं देतो. त्याच्या चांगल्या पट्ट्यांतला एक चौकोन १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. योगायोगाने उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे जवळजवळ एक गुंठा. बारामतीच्या शेतकऱ्याला पिक्सेल समजावून सांगायला याच्यापेक्षा सोपी गोष्ट नाही. पण किती वर्गांत हे असं सांगतात? आणि हे सांगितलं, की पुढचा प्रश्न आपोआप येतो. बांधावरच्या ठिपक्यात अर्धा ऊस तुमचा आणि अर्धी बाजरी शेजाऱ्याची असेल, तर तो ठिपका कोणाच्या नावावर मोजायचा? वीस एकरवाल्याला याने फरक पडत नाही. पंधरा गुंठेवाल्याची निम्मीअधिक जमीन बांधालगतच असते. चूक सगळ्यांना सारखी वाटली जात नाही. लहान तुकड्याच्या वाट्याला ती जास्त येते.

दुसरं गणित. एक इंचाला २० साखळ्या अशा प्रमाणाचा जुना गावनकाशा धरा. २० साखळ्या म्हणजे ६६० फूट, म्हणजे ७९२० इंच. नकाशावरची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर जमिनीवर ती रेघ सुमारे चार मीटर रुंद होते. चार मीटरांत बैलगाडीची पांदण बसते. बांध २०० मीटर लांब असेल, तर नुसत्या रेघेच्या जाडीखाली जवळजवळ आठ गुंठे जमीन येते.

आता तो नकाशा स्कॅन झाला, संगणकात आला, उपग्रहाच्या चित्रावर बसवला. तुम्ही मोबाइलवर बोटांनी तो मोठा करता. चित्र मोठं होतं, पण रेघ तेवढीच बारीक राहते, कारण संगणकातल्या रेघेला जाडी नसते. चार मीटरची शंका त्या क्षणी पडद्यावरून नाहीशी होते आणि तुम्ही शेजाऱ्याला दाखवता, की बघ, तुझी विहीर माझ्या हद्दीत आहे. जाणता भूकरमापक असं करत नाही. तो टिपण काढतो, कारण टिपणात साखळी-आण्यांत मापं लिहिलेली असतात. तो फाळणी बघतो, जुन्या खुणा शोधतो, मग हद्द दाखवतो. गावनकाशा हा गावाचा चेहरा दाखवायला आहे, बांध ठरवायला नाही, हे त्याला ठाऊक असतं. जीआयएस शिकून आलेल्या पदवीधराला ते कोणी सांगितलंय का? त्याने टिपण कधी हातात धरलंय का?

आणि आता राज्यात कायम चालू असणारी उपग्रह संदर्भ केंद्रं आहेत, त्यांच्या आधारे रोव्हर यंत्र काही सेंटिमीटरांपर्यंत जागा सांगतं. फार चांगली सोय आहे. पण सेंटिमीटरचं यंत्र घेऊन तुम्ही शोधताय चार मीटरची रेघ. यंत्राची अचूकता खरी आहे, पण ती यंत्राची आहे, हद्दीची नाही. त्यातच १९४७ च्या तुकडेजोड कायद्याने सर्व्हे नंबरांचे गट झाले, तेव्हा कागदावर एकाचं क्षेत्र आणि वहिवाट दुसऱ्याची, अशी कितीतरी प्रकरणं राहून गेली. ती इतकी आहेत, की सरकारला २०२३ मध्ये ताब्याप्रमाणे अदलाबदल करून घ्यायला सलोखा योजना आणावी लागली. तो घोळ उपग्रहाने सुटत नाही, दोन घरांनी एकत्र बसून सुटतो. पण बसताना समोर असलेला नकाशा किती भरवशाचा आहे, हे सांगणारा माणूस तिथे लागतो. तो माणूस विभागाने घडवायचा आहे.

तिसरं उदाहरण पाण्याचं. नीरा डावा कालवा बारामतीतून इंदापूरकडे जातो. लाभक्षेत्राचा नकाशा बघितला तर कालव्याखालचा सगळा पट्टा एकाच रंगात. कालव्याच्या तोंडाकडचा आणि टेलकडचा शेतकरी एकाच रंगात. टेलवाल्याला विचारा पाणी कधी येतं. तोंडाकडे उलट रोग, पाणी जास्त होऊन जमिनी क्षारपड झाल्या, ही तक्रार शंभर वर्षांहून जुनी आहे. उजनीच्या काठाला तर रेघच हलती. पाणी उतरलं, की गाळपेर होते, चढलं की जमीन पाण्याखाली. ती जमीन नकाशावर कुठल्या तारखेची दाखवायची? पीक विम्यात महसूल मंडळ हा घटक धरतात. एकाच मंडळात एका गावावर ढग फुटतो आणि दुसरं कोरडं राहतं, हे सुप्याकडच्या जिराईत भागातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. तालुका ३३, गाव ६६, खातेदार १००, हाच धडा पुन्हा.

आणि नोंद कोण करतो? २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवर पिकाची नोंद करतो. चांगली कल्पना आहे, नोंद मालकाच्या हातात आली. पण विभागातल्या विद्यार्थ्याने विचारायला हवं, की ज्याच्याकडे तसा फोन नाही त्याची नोंद कोण करतं? शेत वाट्याने करणाऱ्याची येते का? चुकीची नोंद केल्याने कोणाचा फायदा आणि कोणाचं नुकसान? प्रिंगलच्या सगळ्या गणितात हा एक प्रश्न नव्हता.

आता मघाच्या चार उद्दिष्टांचं काय करायचं? फाडून टाका असं मी म्हणत नाही. त्यांच्या जागी चार अशी वाक्यं लिहा, जी दुसऱ्या कुठल्या विभागाला चालणार नाहीत.

पहिलं. आमचा पदवीधर स्वतः केलेल्या प्रत्येक नकाशाची चूक किती, हे मोजेल आणि नकाशावरच लिहील. नुसता सूत्राचा आकडा नाही, ‘ही हद्द दोन्ही बाजूंना इतकी सरकू शकते, म्हणजे तुमच्या गटात इतके गुंठे’ अशा शब्दांत.

दुसरं. आमचा पदवीधर जुना कागद वाचेल. टिपण, फाळणी, आकारबंद, फेरफार त्याला कळतील आणि जिथे कागद मोडीत आहे तिथे मोडीही लागेल. उपग्रह नवे, पण ज्या हक्काबद्दल आपण बोलतो तो या कागदांत आहे. मोडीचा एक छोटा अभ्यासक्रम घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही.

तिसरं. माहिती कोणी गोळा केली, त्याला मोबदला किती होता, त्याच्यावर दबाव कोणाचा होता, हे आमचा पदवीधर विचारेल आणि काही शेतं स्वतः पायी जाऊन पडताळेल.

चौथं. ज्याच्या जमिनीचा नकाशा आहे त्याच्यासमोर आमचा पदवीधर तो मराठीत वाचून दाखवेल, आणि नकाशा चुकला असेल तर दुरुस्ती कुठे आणि कशी मागायची, हेही सांगेल. ज्या नकाशाला हरकत घेता येत नाही, तो कितीही सुंदर असला तरी अपुरा समजायचा.

शास्त्र आणि अभियांत्रिकी हे दोन शब्द विभागाच्या नावात आहेत. खरं काय ते शास्त्र शोधतं आणि काम करणारी वस्तू अभियांत्रिकी घडवते. चुकलं तर उत्तर कोण देणार, ही जबाबदारीची गोष्ट नावात मावत नसेल, तर निदान उद्दिष्टांत हवी.

आणि याची परीक्षा कशी घ्यायची? शेवटच्या वर्षाला एक गाव द्या. जिराईत भागातलं द्या, किंवा कालव्याच्या टेलचं. वर्षभर त्या गावाचं काम करू द्या. तोंडी परीक्षा गावात घ्या, बाहेरचा परीक्षक असू दे, पण पाच खातेदारही बसू देत. त्यांनी आपापल्या गटावर बोट ठेवून विचारावं, की हे असं का? ज्याला उत्तर देता येईल तो पास.

इतकंच. 

प्रश्नोत्तरं

प्रश्न: सर, माझा मुलगा हाच कोर्स करतो. त्याला पुण्यात नोकरी लागायला हवी. कंपनीत परदेशातल्या रस्त्यांचे नकाशे करतात. तिथे मोडी आणि टिपण कोण विचारतं?

उत्तर: तुमची काळजी रास्त आहे आणि नोकरी लागायलाच हवी. पण त्या कंपनीतसुद्धा चित्रावर बघून रेघा ओढायचं काम सगळ्यात आधी यंत्राकडे जाणार, गेलंच आहे. यंत्राने ओढलेली रेघ चुकली आहे का, किती चुकली आहे आणि ग्राहकाला त्याने काय फरक पडेल, हे सांगणारा माणूस राहणार. मी म्हणतो ते पहिलं उद्दिष्ट तेच आहे. ज्याला टिपण आणि नकाशा यातला फरक कळला, त्याला परदेशातल्या नकाशातली शंकाही कळेल. नुसतं एका सॉफ्टवेअरचं बटण शिकलेल्याचं मात्र ते सॉफ्टवेअर बदललं की अवघड होतं.

प्रश्न: बारामतीत उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालू आहे, उपग्रह आहेत, सेन्सर आहेत. तुम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात बोलताय का?

उत्तर: नाही. कृषी विकास ट्रस्टच्या त्या प्रयोगात सेन्सर शेतात आहे आणि सल्ला त्याच शेतकऱ्याला मिळतो. सल्ला चुकला तर त्याला त्या हंगामातच कळतं आणि तो विचारायला येऊ शकतो. ही फार मोठी गोष्ट आहे. हीच पद्धत जेव्हा विम्याला, कर्जाला, पाणीपट्टीला लावली जाईल, तेव्हा निर्णय दूर कुठेतरी होईल आणि शेतकऱ्याला फक्त निकाल कळेल. तिथे काळजी घ्यायला हवी. प्रिंगलच्या वेळी सिद्धांत आधुनिक होता, म्हणून कोणी शंका घेतली नाही. आपण आधुनिक तंत्र वापरू, आणि शंका घ्यायलाही शिकवू.